चार ओहमचा हट्ट

मी जुना आहे, हे मला कुणी सांगायला नको. माझ्या पाठीवरच लिहिलं आहे : यशवंतपूर, १९८७, जोडी क्रमांक एकतीस. मित्रांनो, मी लाउडस्पीकर आहे. लग्नाच्या मांडवात किंचाळणारा भोंगा नव्हे. मी घरात बसून गाणं ऐकवणारा, कमरेएवढा उंच, बावीस किलोंचा लाकडी स्पीकर. माझ्यासारखाच दुसरा माझ्या उजव्या हाताला उभा असतो. आम्हाला भंगारात घालायचं ठरलं होतं. आम्ही गेलो नाही, आणि का गेलो नाही तेच मी सांगणार आहे.

यशवंतपुरात एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचा जन्म झाला. विठोजी नावाचे सुतार आमच्या पेट्या जोडत. सांधा पक्का झाला की ते बोटाच्या पेराने पेटीवर टकटक करत आणि कान लावत. "पेटीनं बोलायचं नाही. बोलायचं ते कोनानं," असं ते म्हणत. माझा मोठा कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारा पडदा, कागदाचा आहे, दहा इंचांचा, आणि त्याच्या भोवती फोमची मऊ कड. वर बारीक आवाजांसाठी छोटा ट्वीटर.

मल्लेश्वरमच्या नरसिंहरावांनी आम्हाला घरी नेलं. त्यांची पत्नी विमलाक्का माडीवर मुलींना भरतनाट्यम शिकवत. नरसिंहरावांनी वर्गासाठी साल लाकडाच्या फळ्यांचा बुटका चौथरा करून घेतला आणि आम्हाला त्यावरच उभं केलं. आमच्यासाठी त्यांनी एक जाडजूड अँप्लिफायर निवडला. तीस वर्षं आम्ही तिघांनी मिळून काम केलं. मृदंगाचा 'धीं' मी असा काढायचो, की पहिल्यांदा आलेली माणसं पडद्यामागे मृदंगवाला शोधायची. मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे.

मग नरसिंहराव वारले. पुढच्याच वर्षी विजेचा दाब अचानक वाढला आणि अँप्लिफायर जळून गेला. मित्रांनो, अँप्लिफायरवाचून आम्ही मुके. विमलाक्कांचा मुलगा यशोवर्धन तळहातावर मावेल असा एक स्पीकर घेऊन आला, फोनवर चालणारा. मुली त्यावर बऱ्यापैकी नाचत. मी खोटं कशाला बोलू? पण माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे साठू लागले, आणि सहा वर्षं मला कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतर मनस्विनी आली. अकरा वर्षांची. दोन्ही कानांत यंत्रं, तरी तिला फार थोडं ऐकू येई. ती आईबरोबर, आश्लेषाबरोबर, होसकोट्याहून दोन बस बदलून यायची. बाकीच्या मुलींचे पाय बघून ती पाऊल टाकायची, त्यामुळे दर वेळी अर्धी मात्रा मागे. तिच्या मुद्रा मात्र अशा रेखीव, की विमलाक्का शिकवता शिकवता थांबून बघत.

वार्षिक कार्यक्रमाचे व्यवस्थापक एक दिवस वर्ग बघायला आले. त्यांनी मनस्विनीला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हिला मागच्या ओळीत ठेवा. नाहीतर आरतीचं ताट धरू द्या. लोक कौतुकच करतील."

मनस्विनीला ऐकू येत नव्हतं, पण ओठ वाचता येत होते.

दुसऱ्या दिवशी आश्लेषा एकटीच आली. "विमलाक्का, तिला नाही आणत आता. काल घरी गेल्यावर घुंगरं तिनं स्वतःच सोडून ठेवली."

"तिला घेऊन ये," विमलाक्का म्हणाल्या. "एकदा. मग बघू."

मनस्विनी आली ती मान खाली घालून. विमलाक्का तिच्या पुढ्यात बसल्या, तालाची लाकडी काठी चौथऱ्यावर आपटली आणि विचारलं, "हे कळतं का तुला?"

"कळतं," ती तिच्या जाड उच्चारांत म्हणाली. "तुम्ही जवळ असलात की. पायाला."

विमलाक्का उठून माझ्याकडे आल्या. मग त्यांनी माझ्या डोक्यावरचे कपडे उचलून खुर्चीवर टाकले.

यशोवर्धन मुलगा चांगला आहे, पण घाई फार. त्याने दुकानातून अँप्लिफायर आणला. खोक्यावर सोनेरी अक्षरांत 'एक हजार वॅट'. वजन मात्र पावभाजीच्या डब्याएवढं. त्याने आवाज चढवला आणि मृदंगाच्या जागी माझ्यातून फाटक्या पत्र्यासारखा आवाज निघाला. पाच मिनिटांत ते यंत्र तापून बंद पडलं, आणि जाता जाता माझ्या जोडीदाराचा ट्वीटर जाळून गेलं.

दुकानदार घरी आला, त्याने आमच्याकडे लांबूनच पाहिलं. "स्पीकर गेलेत. जुना माल आहे. काढून टाका, नवीन सेट देतो."

गेलेत! जळालं ते त्याच्या यंत्रामुळे, आणि गेलो आम्ही! मला ओरडायचं होतं, पण ओरडायला लागणारी वीज माझ्याकडे नव्हती.

"आई, मी भंगारवाल्याला फोन केलाय," यशोवर्धन म्हणाला. "उद्या येईल."

"त्याला सांग, येऊ नको म्हणून," विमलाक्का म्हणाल्या. "न तपासता गेले म्हणणारा तो दुकानदार कोण? नवीन सेट घ्यायला माझ्याकडे पैसे नाहीत, आणि असते तरी घेतला नसता. रिक्षा बोलाव."

आम्हाला एकेका रिक्षात आडवं घालून शिवकुमारच्या दुकानात नेलं. शिवकुमार जुने रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करतो. त्याने काय केलं? एक साधा दीड व्होल्टचा सेल घेतला आणि त्याच्या तारा माझ्या मागच्या टोकांना टेकवल्या. माझा कोन 'थप्' करून पुढे उडाला. सहा वर्षांनी धड, न फाटता!

"जिवंत आहे, अम्मा," शिवकुमार हसला. फोमच्या कडेला त्याने बोट लावलं, तर तिचा भुगा झाला. "ही कड कुजली आहे. बदलू. त्या दुसऱ्याला ट्वीटर टाकू. पण यांचा मुख्य रोग हा नव्हे." त्याने मीटर लावला. "बघा, हे चार ओहमचे आहेत, म्हणजे विजेला अडथळा कमी. असे स्पीकर वीज जास्त ओढतात, आणि हे तर स्वभावानेही जड आहेत. कमकुवत यंत्र यांच्यापुढे धापा टाकतं, आवाज फाटतो, आणि लोक दोष स्पीकरला देतात."

"मग हजार वॅट होते की!" यशोवर्धन म्हणाला.

"खोक्यावर होते, सार. छापायला काय लागतं? मागची पाटी वाचायची. चार ओहमवर, न थांबता, दोन्ही बाजूंना किती वॅट देतो, ते. तिथं चार ओहम लिहिलेलंच नसेल तर ठेवून द्यायचं. खरे पन्नास-साठ यांना पुष्कळ झाले."

विमलाक्कांनी बारा हजारांच्या आत बसवायला सांगितलं. आठवड्याने, कडा आणि ट्वीटर बसल्यावर, शिवकुमारने तीन वापरलेले अँप्लिफायर मांडले आणि आम्हाला पाळीपाळीने त्यांना जोडलं. विमलाक्कांनी चपला काढल्या, आमच्यासमोरच्या लाकडी फळीवर अनवाणी उभ्या राहिल्या आणि चक्क डोळे मिटले. गिऱ्हाईकं बघत राहिली.

"आई, लोक बघताहेत," यशोवर्धन कुजबुजला.

"बघू देत. मी ऐकायला आले नाही."

पहिला चकचकीत होता, रिमोटवाला. आवाज गोड, पण मृदंग पायापर्यंत पोचेना. दुसरा अगदी छोटा. तो स्वच्छ बोलला, मनात ठसलाही. पण जोराचा 'धीं' आला की त्याचा दम तुटे. शिवकुमार म्हणाला, याला मोठा वीजपुरवठा दिला तर हाही चालेल, पण खर्च वाढेल. तिसरा दिसायला अगदीच ओबडधोबड. कोपरा चेपलेला, आवाजाच्या बटणाची टोपी गायब, आणि आत एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर, की उचलायला दोघं लागले.

तो लागला, आणि मला माझा आवाज सापडला. 'धीं' वाजला आणि थांबलासुद्धा, जिथं थांबायचा तिथं.

विमलाक्कांनी डोळे उघडले. "हा. टोपी नसली तरी चालेल."

शनिवारी मनस्विनी चौथऱ्यावर चढली. विमलाक्कांनी तिला काही सांगितलं नाही, फक्त मृदंग सुरू केला. मनस्विनीने झटकन खाली पाहिलं, जणू फळीखालून कुणी हाक मारली. मग तिने माझ्यावर दोन्ही तळहात ठेवले. मग पाऊल टाकलं. तालावर, मित्रांनो. अर्धी मात्रा मागे नाही. दाराशी उभ्या असलेल्या आश्लेषाने तोंडावर पदर धरला, पण मनस्विनी तिच्याकडे पाहतही नव्हती. ती मोजत होती.

पाच महिने तिने आमच्याबरोबर घाम गाळला. कार्यक्रमाच्या दिवशी आम्हाला पाहून व्यवस्थापक चिडले. "अक्का, सभागृहाची एवढी मोठी ध्वनियंत्रणा आहे. हे कपाट स्टेजवर कशाला?"

"तुमची यंत्रणा प्रेक्षकांसाठी. हे माझ्या मुलीसाठी," विमलाक्का म्हणाल्या. "हे नाहीत, तर आम्ही कुणीच नाही. पत्रिकेवरची आठही मुलींची नावं खोडा. सरी? चालेल?"

त्यांनी जागा दिली. स्टेजच्या लाकडी फळ्यांवर आम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहिलो, आणि मनस्विनी पहिल्या ओळीत. तिसऱ्या आवर्तनात तिचा ताल चुकला. सगळ्यांनी पाहिलं. ती थबकली, टाच फळीवर घट्ट रोवली, दोन मात्रा तशीच उभी राहिली, आणि पुढच्या समेवर असा पाय आपटला, की मी हललो! शेवटपर्यंत ती पुन्हा चुकली नाही.

उतरताना व्यवस्थापक म्हणाले, "छान झालं हो. पुढच्या वर्षी मात्र जरा लहान स्पीकर आणा."

उत्तर मनस्विनीने दिलं. "नाही," ती म्हणाली. मोठ्याने, जाड उच्चारांत, आणि आईचा हात न धरता.

मित्रांनो, जुनी वस्तू आंधळेपणाने सांभाळा असं मी म्हणत नाही. दया तर मुळीच नको. फक्त बंद पडलेल्याला 'गेला' म्हणण्याआधी त्याला काय लागतं ते विचारा. त्याच्या ताकदीचा सोबती द्या, आणि मग न्याय करा. कड काही वर्षांनी पुन्हा कुजेल. तेव्हा पुन्हा बसवा. लाज वाटू देऊ नका.

आता आनेकलहून आणखी एक मुलगी येते, सात वर्षांची. तिला अजिबात ऐकू येत नाही, आणि ती भयंकर हट्टी आहे. पायऱ्यांवर तिचीच पावलं वाजताहेत. मला काम आहे.