उसनी कवळी

त्या दिवशी सकाळी धामणगाव बढ्यात असं धुकं उतरलं होतं, की गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाचा लिंब दिसत नव्हता. पऱ्हाटी दवानं भिजलेली, म्हणून कापूस वेचणाऱ्या बायाही अजून घरातच होत्या. ग्लासातलं पाणी बर्फावानी गार झालेलं, आणि त्यात मी.

मी कवळी बोलतेय. वरचे आणि खालचे, पुऱ्या तोंडाचे दात. माझा मालक फकीर मोहम्मद, धंद्यानं पिंजारी, गाद्या भरणारा. बीटी कपाशी गावात नवी नवी आली तेव्हा दोन-तीन वर्षं लोकांच्या घरात आढ्यापर्यंत कापूस लागला होता. ज्याला त्याला नवी गादी पाहिजे. त्या बरकतीच्या दिवसांत फकीरभाईनं मलकापूरला जाऊन मला करून घेतलं. दातवाल्यानं त्याच्या हिरड्यांचा ठसा काढला आणि त्या ठशावर मी घडले. म्हणजे मी जन्मापासूनच एका माणसाची. दुसऱ्याच्या तोंडात माझं काम नाही.

पण गल्लीला हे कुठं ठाऊक? इथं लग्नाला कोट उसना आणतात, पाहुण्याला खाट उसनी आणतात, पोळ्याला बैलाची झूलही आणतात. तसंच समोरच्या घरातल्या जानरावानं मला मागितलं. जानराव म्हणजे फकीरभाईचा लहानपणापासूनचा सोबती. पोराची, प्रसेनजितची, सोयरीक पाहायला उंद्रीला जायचं होतं, आणि जानरावाच्या तोंडाचं बोळकं झालं होतं, एकही दात नव्हता. मी ढिली बसत होते, तर फकीरभाईनं पिंजलेल्या कापसाची बारीक वळी करून खाली लावून दिली. दिवसभर जानराव काही न खाता नुसता हसत राहिला. सोयरीक जमली.

मनाली सून होऊन आली. काही दिवसांनी तिनं मला फकीरभाईच्या तोंडात भाकर चावताना पाहिलं. मग तिनं सासऱ्याकडे पाहिलं.  आत गेली आणि त्या दिवसापासून त्याची भाकर दुधात कुस्करून ठेवू लागली. जानरावाला सगळं समजलं. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून जेवतो. सुनेसमोर एक घास त्यानं खाल्लेला मला आठवत नाही.

त्याचे दात गेले ते फवारणीत. नव्या कपाशीला अळी लागत नाही, फवारायचं काम नाही, असं सुरुवातीला सांगत. मग मावा आला, तुडतुडा आला, पुढे गुलाबी बोंडअळी आली, आणि पाठीवरचा पंप काही खाली उतरेना. औषधाचा वास डोक्यात जायचा. मळलेला तंबाखू गालात धरला तर वास डोक्यात चढत नाही, असं ही माणसं एकमेकांना सांगत आली. जानरावानं डाव्या अंगाला, खाली, दिवस दिवस चिमूट धरली. दात हलले, पडले. मग तिथं पांढरा डाग आला. डागाची जखम झाली. दिवाळी गेली तरी ती भरेना.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं बॅटरी लावून पाहिलं आणि सांगितलं, बुलढाण्याला तोंडाच्या ऑपरेशनच्या डॉक्टरला दाखवा. आधी नुसतं पाहतील, मग काय करायचं ते ठरवतील. तेव्हापासून मनाली त्याची तयारी करून घेत होती. सकाळी पोटभर खाऊन निघायचं. बीपीच्या गोळ्यांचं पाकीट सोबत ठेवायचं. तंबाखूचं विचारलं तर लपवायचं नाही. जानराव सगळ्याला हो म्हणाला. फक्त एक तयारी त्यानं तिला न सांगता केली. धुक्यातून गल्ली ओलांडून तो माझ्याकडे आला.

फकीरभाई माझा ग्लास हातात घेऊन म्हणाला, "डॉक्टरले तोंड दाखवाले जातं, आन दात माह्ये नेतं?"

जानराव उंबरठ्याशी बसला. धोतर धुतलेलं, दाढी केलेली. खाली पाहत म्हणाला, "डॉक्टर बाई हाये म्हणते. आपल्या मनालीएवढी. तिच्यासमोर हे बोयकं कसं उघडू बे?"

फकीरभाई हसायला लागला होता, तो थांबला. मिठाच्या पाण्यानं त्यानं मला धुतलं, नवी कापसाची वळी लावली आणि सोबत्याच्या हातावर ठेवलं. मग स्वतःच्या बोडक्या तोंडावर दुपट्टा गुंडाळून तोही निघाला. म्हणाला, तुह्यावर भरोसा नाई, दात इकून चहा पिशील.

दारात जानरावाची बायको जनकाबाई उभी होती. नवऱ्याचे दात पाहून तिनं विचारलं, "पोरगी पाह्यले चालले काय?" जानराव हसला नाही.

मनालीही सोबत निघाली. मोताळ्यावरून आमची एसटी राजूरच्या घाटाला लागली. प्रत्येक वळणाला मी त्या जखमेवर घासत होते. जखमेच्या कडा कडक झालेल्या, सरकीवर बोट फिरवावं तशा. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो खिडकीबाहेर पाहायचा. मला घडवलं होतं चावायला. आज मी झाकण म्हणून बसले होते. तोंडात असूनही मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरच्या खोलीचं दार उघडंच होतं. बाहेर बाकावर माणसं. डॉक्टर खरंच पोरसवदा होती. तिनं नाव विचारलं, गोळ्या पाहिल्या, आणि मग विचारलं, तंबाखू खाता का? जानरावानं सुनेकडे पाहिलं. सुनेनं फरशीकडे पाहिलं.

"नाई जी," तो म्हणाला.

डॉक्टरनं दिवा त्याच्या तोंडावर आणला. कापसाचा एक तंतू माझ्या बाजूनं बाहेर आला होता, तो तिला दिसला असावा. ती हळूच म्हणाली, "बाबा, कवळी काढा."

"निघत नाई जी. पक्की बसली हाये."

डॉक्टर रागावली नाही. म्हणाली, खालची जागा पाहिल्याशिवाय मला काहीच सांगता येणार नाही. लवकर कळलं तर थोडक्यात निभावतं, उशीर झाला तर जबडा काढावा लागतो.

आपल्यासमोर तो तोंड उघडणार नाही हे ओळखून मनाली उठली. "मी बाहेर थांबतो, मामाजी," एवढंच म्हणून ती दाराकडे गेली. तिला जाताना पाहून जानरावाची मान आणखी खाली गेली. त्यानं दोन्ही हात मांडीत दाबून धरले. मग खुर्चीवरून पाय खाली सोडले आणि म्हणाला, चाला घरी, मले काही झालं नाई.

तो त्या दारातून गेला असता तर पुन्हा आला नसता, हे मला कळत होतं. मी त्याच्याच तोंडात होते आणि मला बोलता येत नव्हतं. म्हणून तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आज तुम्हाला सांगते. न भरणारी जखम असेल तर माझ्यासारखीला आधी बाहेर काढा. लाज वाटली तरी काढा. माझ्याआड काही बरं होत नाही.

इतक्यात बाहेर बाकावर बसलेला फकीरभाई आत आला. सगळी वाट त्यानं तोंडावरचा दुपट्टा हलू दिला नव्हता. एसटीत कोणी विचारलं तर सर्दी झाली म्हणून सांगितलं होतं. तो डॉक्टरच्या दिव्याखाली उभा राहिला, दुपट्टा सोडला, आणि दारातली मनाली, बाकावरची माणसं, सगळ्यांसमोर आपलं तोंड उघडलं. त्यात एकही दात नव्हता. नुसत्या हिरड्या. उघडं ठेवलं तसंच, सगळ्यांनी पाहीपर्यंत.

मग जानरावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पाह्य, माह्यंही बोयकंच हाये. पडलं काय आभाय? आता माह्ये दात मले दे, जानराव, आन तुह्यं तोंड या पोरीले पाहू दे."