नावं कापणारी कातर

मी कातर बोलतेय. बलसाडच्या लोहारानं मला घडवलं, बोर्डीच्या शिंप्यानं झिजवलं आणि चंदर मास्तरांनी साहित्यात आणलं. हसता काय? मी वाचली तितक्या कवींची नावं तुमच्यात कुणी वाचली नसतील. नुसती नावं हं! वरची कविता वाचायला सवड कुणाला?

१९५८ साली मास्तरांचं मंडळ रविवारी कवितांवर बोलायचं. पण चिकूवाडीवाल्या नानाशेटांच्या कवितेबरोबर चिकूची पाटी यायची. तोंडात चिकू असताना दोष कोण काढणार? मास्तर वैतागले.

"परदेशात म्हणे आता कविताच तेवढी बघतात. कवी कोण, त्याच्या मनात काय, सगळं बाहेर! शब्द काय म्हणतात तेवढं बोला."

झालं! कवितेखालचं नाव कचकन उडवायचं, हे माझं काम. पुढच्याच रविवारी नानाशेटांची कविता फुसकी ठरली. माना डोलावणाऱ्यांत स्वतः नानाशेटही होते. आपली म्हणायची सोय कुठे होती?

मग एक कविता आली. दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या जोड्या, जबड्यात जबडा अडकवलेला.

"नवरा-बायको," नानाशेट म्हणाले.

"छे! द्विभाषिक राज्य," तलासरीचे गणूभाऊ गरजले. "एक मराठी, एक गुजराती. सुटता सुटत नाहीत!"

मागे बसलेली वेणू पदरात तोंड खुपसून हसत होती. कविता तिची. रोज बोंबील वाळवणारी ती, पण एवढे अर्थ तिलाही नवे होते. तिला ते आवडलेही.

कविता मंडळाच्या वार्षिक अंकात छापली, बिननावाची. वेणू मास्तरांकडे आली.

"मास्तर, आय विचारते, खाली नाव नाय, मग ही उचलली कोणाची?"

"नियम आहे, वेणू. कवितेला नाव लागत नाही."

"कवितेला नाय. मला लागतं."

"तुला सूट दिली तर नानाशेट पाटी घेऊन हजर!"

पुढच्या रविवारी तिची नवी कविता आली. मास्तरांनी मला उचललं. खाली नावच नाही! ते शेवटच्या ओळीत बसलं होतं, भजनात बसतं तसं: 'वेणू म्हणे, वारा फिरला, शिडा तू का रुसला?'

"कापा की," गणूभाऊ म्हणाले.

"कापू कसं? ओळ मोडेल," मास्तर म्हणाले. मग स्वतःशीच खुदकन हसले. "नाव आता कवितेचं झालं. बोला, ही वेणू काय म्हणते?"

पुढच्या वार्षिकात कविता अख्खी छापली. आयनं अक्षरावर अक्षर लावत शेवटची ओळ वाचली आणि अंक शेजारणीकडे घेऊन पळाली.

आता मला गंज चढलाय, मास्तरांच्या खणात पडून असते. तुम्हीही बोटानं नाव झाकून वाचून बघा, मजा येते. फक्त वाचून झालं की बोट उचला. खाली कुणीतरी वाट बघत असतं.