सालमंदर

शब्दकोशाच्या ऑफिसात एकोणीस वर्षं मी शब्दांच्या चिठ्ठ्या तपासते आहे. छापील पुरावा असेल तर हिरवी खूण, नुसतं ऐकीव असेल तर लाल रेघ. माझी जीभ तिखट आहे असं तिथे सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला एक चिठ्ठी आणून दिली. त्यांनी लिहिलेलं काही मी तोवर पाहिलंच नव्हतं. 'सालमंदर: भट्टी विझल्यावर तळाशी थिजून बसलेलं लोखंड. आम्ही सुरुंग लावून काढायचो. सालभर मंद तापत राहतं, म्हणून सालमंदर.'

घरी माझे सहकारी जमले होते. मी ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवली, अण्णांच्या देखत.

मी म्हटलं, "अहो अण्णा, सॅलमँडर म्हणजे शेपटीवाला प्राणी! दिसतो पालीसारखा, पण गोत बेडकाचं. तो भट्टीत कशाला कडमडेल?"

सगळे पोट धरून हसले. अण्णाही हसले. "आम्ही अडाणी माणसं," म्हणाले आणि रिकामे कप गोळा करून आत गेले. चिठ्ठीवर मी लाल रेघ मारली.

सहा वर्षांनी नव्या आवृत्तीसाठी धातुकामाचा एक जाडजूड परदेशी कोश चाळत होते. तिथे तो शब्द भेटला. मूळ ग्रीक, त्यापलीकडचं कुणालाच नक्की ठाऊक नाही. पहिला अर्थ तो प्राणी. दुसरा, आगीत राहूनही न जळणारा कल्पित जीव. तिसरा, भट्टीच्या तळाशी थिजलेलं लोखंड. अण्णांची व्युत्पत्ती चुकली होती, अर्थ तंतोतंत बरोबर होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण कोशात मीच नोंदवलेली आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी कोश काखोटीला मारून घर गाठलं.

"अण्णा, तुमचा सालमंदर बरोबर होता. मी उगाच सगळ्यांसमोर हसले. चुकलं माझं."

त्यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं. "छापलंय म्हणजे असेलच बरोबर."

"असेलच काय! तुम्ही स्वतः सुरुंग लावून काढलाय ना तो? भट्टीवरचे आणखी शब्द सांगा, मी लिहून घेते."

अण्णांनी चष्मा उतरवला.

"होते गं पुष्कळ. पण तेव्हापासून एखादा आठवला की मीच त्याला दटावायचो, गप्प बस, हसतील. आता येईनासे झालेत."

"एखादा तरी, अण्णा."

त्यांनी कोश हळूच माझ्याकडे सरकवला.

"तू वाच त्यातून," ते म्हणाले. "मी हो म्हणतो."