गाळलेलं गाढव

कुसळाला आठ पीळ होते. रेश्माने ते काचपट्टीवर आडवं ठेवलं, ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोडला आणि घड्याळाकडे पाहिलं. आधी काहीच झालं नाही. मग कुसळाचं वाकडं टोक हळूहळू फिरू लागलं. पहिला पीळ सुटायला पन्नास सेकंद लागले, दुसऱ्याला त्याहून थोडे कमी. चौथा सुटेपर्यंत बीचं अणकुचीदार तोंड सरकत पट्टीच्या काठाशी आलं होतं.

मेंढरं राखणारे ज्ञानबामामा म्हणाले होते तसंच. दवात मेंढरं सोडली तर कुसळ कातडीत शिरतं, ऊन चढल्यावर सोडली तर नुसतं लोकरीत अडकतं. तिने वहीत वेळ लिहिली आणि पुढची ओळ कोरी ठेवली. ही नोंद आता टाकायची कुठे, तेच ठरत नव्हतं.

"पाणी आलंय गं!" मागच्या दारातून आदिनाथ ओरडला. आज रविवार, पाण्याचा दिवस होता. ती उठली, नवऱ्याच्या हातातली नळी धरली आणि पिंपाजवळ उभी राहिली.

"लिहिलंस का पत्र?" त्याने विचारलं.

"तिसऱ्यांदा लिहिलं. तिसऱ्यांदा खोडलं."

"एकाच वेळी सेहेचाळीस माणसांची कामं करणारी नटी माझ्या घरात आहे, आणि मला पत्ताच नव्हता."

ती हसली नाही.

रेश्मा मूळची वैरागची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून सोलापुरात एका बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली, त्याला सतरा वर्षं झाली. गेली सात वर्षं ती गवतांच्या एका आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर बिनपगारी काम करत होती. जगभरातले लोक तिथे आपल्याकडच्या गवताचा फोटो टाकायचे आणि ते कुठे उगवतं, कोणतं जनावर खातं, ते लिहायचे. लिहायचं इंग्रजीतच, असा नियम होता. नव्या माणसाची नोंद आधी रेश्माकडे यायची. तिने बघून सोडली की मग सगळ्यांना दिसायची.

तिची स्वतःची पहिली नोंद अकरा दिवस बिनउत्तराची पडून होती. बाराव्या दिवशी कुणीतरी लिहिलं, कृपया समजेल असं लिहा. त्यानंतर दोन वर्षं ती तिथे नुसती वाचत राहिली. पुढे नव्यांच्या स्वागताचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिने मनाशी एक ठरवून टाकलं होतं: असं उत्तर दुसऱ्या कुणाला मिळू द्यायचं नाही. म्हणून इंडोनेशियातल्या सीतीबाईंची नोंद असो की मोरोक्कोतल्या युसुफची, ती सोडण्याआधी रेश्मा ती सगळी नव्याने, स्वच्छ इंग्रजीत लिहून काढायची. सांगायची मात्र कुणालाच नाही. रोज सकाळी कामावर जायच्या आधी चाळीस मिनिटं. ज्ञानबामामा तर मंगळवेढ्याकडून फोनवर बोलून पाठवायचे. त्यांचं सगळंच तिने लिहिलेलं.

दोन वर्षांपूर्वी तिने सुचवलं होतं, ज्याला ज्या भाषेत येतं त्या भाषेत लिहू द्या. संकेतस्थळ चालवणाऱ्या हेलनबाईंनी, स्कॉटलंडमधल्या निवृत्त प्राध्यापिका त्या, आपुलकीने कळवलं होतं: त्याची गरज दिसत नाही, आपले परदेशी सभासद फार सुंदर इंग्रजी लिहितात. पुराव्यादाखल सात नोंदी जोडल्या होत्या. सातही रेश्माच्या हातच्या. त्या दिवसापासून ती स्वतःला सांगत होती, आता हे बंद करायचं. आणि रोज सकाळी कुणाची ना कुणाची नोंद दाराशी उभी असायची.

गुरुवारी हेलनबाईंचं पत्र आलं, ज्याचं उत्तर रेश्माने आता तिसऱ्यांदा खोडलं होतं. लिखाण तपासणाऱ्या एका नव्या प्रोग्रॅमला एकोणीस देशांतल्या सेहेचाळीस सभासदांचं लेखन एकाच हातचं वाटलं होतं. ही माणसं बनावट असावीत, रविवारच्या बैठकीत ती नोंदींसकट काढून टाकू. "इतकी वर्षं तू यांचं स्वागत केलंस, तुला वाईट वाटेल, म्हणून आधीच कळवते." रेश्मावर संशय नव्हता. तिच्या स्वतःच्या नावावर गेल्या चार वर्षांत स्वागताच्या ठरावीक दोन ओळींपलीकडे काही नव्हतंच, मग प्रोग्रॅम ताडून बघणार कशाशी?

यादीत सदतिसावं नाव ज्ञानबामामांचं होतं. तीन वर्षांच्या दोनशे बारा नोंदी.

दुपारी दोनच्या सुमारास फाटक वाजलं. दारात मामाच उभे होते. नेत्रशिबिरात डोळे दाखवायला सकाळच्या एसटीने सोलापुरात आले होते. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली गवताची पेंढी होती.

"बाई, पाणी द्या आदी. तुमच्या सोलापुरात ऊन लई, की."

"मंगळवेढ्यात काय बर्फ पडतंय का, मामा?"

"न्हाय पडत. पर तितं सावलीला मेंढरं तरी असत्यात."

पाणी पिऊन ते खुर्चीवर टेकले. पेंढी तिच्याकडे सरकवली आणि जरा अवघडल्यासारखे बसून राहिले.

"एक इचारू का? राग नगा धरू."

"विचारा."

"आमची राजनंदिनी हाय न्हवं, नात. आता बारावीला हाय. तिनं काल माजं समदं मोबाईलवर वाचून दाकीवलं. इंग्रजीतनं वाचायची आन मला मराठीत सांगायची. लई झ्याक लिवलंय म्हनली. पर मंग हसाया लागली. म्हनली, आज्ज्या, ह्यो तू न्हाईस. कुनीतरी डाक्टर बोलतोय."

रेश्माने पेंढीवरचा कागद उलगडायला घेतला.

"आन बाई, माजं गाढाव कुटं गेलं?"

"कुठलं गाढव?"

"त्या काळ्या काडीच्या गवताचं वो! मी बोल्लो हुतो, मेंढी त्येला तोंड लावत न्हाय, बकरी बी न्हाय, पर आमचं गाढाव तेवढं हुडकून हुडकून खातंय. राजनंदिनीनं तीनदा वाचलं. मेंढी हाय, बकरी हाय. गाढाव न्हायच."

तिने लॅपटॉप उघडला. नोंद सापडली. एका ओळीत, नीटनेटकं: मेंढी-बकरीसारख्या लहान चरणाऱ्या जनावरांना हे गवत आवडत नाही. तिनेच लिहिलं होतं. वाक्य सुटसुटीत व्हावं म्हणून गाढव गाळलं होतं. गाळताना काही वाटल्याचंही तिला आठवेना. त्या गवताबद्दल कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट त्या नोंदीत एकच होती, आणि ती ते गाढव होतं.

"चुकलं माझं, मामा."

"चुकू द्या की. गाढावच हाय, रागावतंय व्हय?" ते हसले. मग म्हणाले, "मला आपलं वाटलं, तितल्या मानसांला गाढाव आवडत नसंल."

चहा ठेवून ती परत यादी बघायला बसली. या खेपेला नावं न बघता नोंदी मोजल्या. सेहेचाळीसपैकी एकतीस जणांनी एकदाच लिहिलं होतं. प्रत्येकाच्या नोंदीखाली लोकांनी कौतुकाने प्रश्न विचारले होते, लांबलचक, सफाईदार इंग्रजीत. आणि त्या प्रश्नांखाली काहीच नव्हतं. सीतीबाईंच्याही नव्हतं. तिच्याच इंग्रजीने त्यांची जी ओळख करून दिली होती, तिला शोभेल असं उत्तर त्या कुठून आणणार होत्या? ज्या गप्प बसण्यातून तिला या लोकांना वाचवायचं होतं, तिथेच ते सगळे जाऊन बसले होते.

ती थकली होती. चाळीस मिनिटांचा तो थकवा नव्हता. चहा उतू गेला तेव्हा आदिनाथने उठून गॅस बंद केला आणि तिघांसाठी कप भरले.

साडेतीनला बैठक सुरू झाली. पडद्यावर नऊ चेहरे होते. मामा शेजारच्या खुर्चीवर बशीत चहा ओतून घेत बसले होते, आणि त्यांच्या मुंडाशाची नुसती कड पडद्याच्या कोपऱ्यात येत होती. रेश्मा अशा बैठकांत कधी बोलत नसे. माइक बंद ठेवून टाइप करायची. बोललेलं मागाहून दुरुस्त करता येत नाही, ही तिची भीती.

यादीचा विषय निघाला. हेलनबाईंनी खिन्न आवाजात सेहेचाळीस हा आकडा सांगितला आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारलं. सात वर्षं घोटलेली वाक्यं रेश्माच्या बोटांत तयार होती. तिने टाइप करायला हात उचलला, आणि टाइप न करता माइक सुरू केला.

"हरकत आहे," ती म्हणाली. इंग्रजीतच, पण प्रत्येक शब्द वेगळा ठेवत, मध्ये थांबत. "ही माणसं खरी आहेत. इंग्रजी माझं आहे. सगळ्यांचं. मी कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही."

एका चौकटीत कुणाचं तरी कुत्रं भुंकलं.

"त्यातले एक इथे बसलेत," असं म्हणत तिने लॅपटॉप फिरवला. मामांनी बशी खाली ठेवून हात जोडले. मग हळूच तिला म्हणाले, "गाढावाचं बी सांगा."

तिने गाढवाचं सांगितलं. एका शब्दाशी अडली, हाताने लांब कान करून दाखवले आणि पुढे गेली. दोघेतिघे हसले, हेलनबाई मात्र हसल्या नाहीत, चष्मा काढून पुसत राहिल्या.

"मग आता काय करायचं म्हणतेस, रेश्मा?" त्यांनी विचारलं. "त्यांनी त्यांच्या भाषेत लिहिलं, तर आम्हाला ते वाचता कसं येणार?"

"जसं मी तुमचं वाचलं," रेश्मा म्हणाली. "दोन वर्षं लागली मला." तिला पाणी प्यावंसं वाटत होतं, पण तांब्या रिकामा होता. "सेहेचाळीसही जणांना मी आज कळवणार आहे. त्यांनी मुळात पाठवलेलं सगळं माझ्याकडे आहे, ते तसंच्या तसं परत लावणार आहे. आणि उद्यापासून मी कुणाचंही लिहिणं बदलणार नाही."