अनया यासेनेककर

बाळकाका केळंबेकरांचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या मराठी मंडळात उद्या मुलांची भाषणं होती. विषय 'आमचं गाव'. आणि त्यांची नात अनया बेसमेंटमध्ये ताठ उभी राहून खणखणीत मराठीत म्हणत होती, "नमस्कार, मी अनया यासेनेककर."

यासेनेक म्हणजे सूनबाईंचं, यित्काचं, माहेर. चेक देशातल्या मोराव्हियातलं एवढंसं खेडं. आपल्या आडनावात गाव असतं, हे बाळकाकांनीच नातीला मोठ्या कौतुकानं शिकवलं होतं. पोरीनं ते सरळ आईच्या गावाला चिकटवलं! उद्या अख्ख्या मंडळासमोर त्यांचं कोकणातलं केळंबं पुसलं जाणार होतं.

"पुढे बोल," ते गुरगुरले.

अनया सुटलीच. टेकडीवर द्राक्षमळे, खाली ओढा, ओढ्याकाठी निळ्या पट्ट्यांची पांढरी, वाइनची तळघरं. शरदात चर्चसमोर उंच खांब उभारून त्याभोवती नाच. "आधी तिथे जर्मन बोलणारे लोक होते. सेकंड वर्ल्ड वॉरनंतर त्यांना हाकललं. मग रिकाम्या घरांत डोंगरातली माणसं आली. माझी पणजी तेव्हाच आली. शी वॉज ओन्ली सिक्स."

बाळकाकांना आयताच मुद्दा सापडला. "म्हणजे ते गाव त्यांचं नव्हेच! परक्यांच्या घरात येऊन राहिलेली माणसं. आपण केळंब्याचे सात-आठ पिढ्यांचे. खाडी आहे, सुपारीच्या बागा आहेत, शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते. ते सोडून हे काय लावलंयस?"

"पण आजोबा, पणजी अजून तिथेच राहते. समरमध्ये आम्ही गेलो की दारात उभी असते. केळंब्यात आपलं कोण राहतं?"

बाळकाका मनात एकेक माणूस मोजू लागले. भाऊ ठाण्याला गेला, काकू वारल्या, घराला कुलूप. दर भारतवारीत 'रस्ते खराब आहेत, मुलांना पाणी बाधेल' म्हणत तेच पुण्याहून परत फिरत आले होते. त्यांना स्वतःचाच भयंकर संताप आला आणि त्या संतापात रडूही आलं.

"देवी राहते," ते शेवटी खेकसले. दुसरं एकही नाव त्यांना सुचेना.

अनयानं पणजीच्या दारापासून भाषण पुढे चालू केलं, आणि बाळकाकांनी तिला अडवलं नाही.