अवेळी वाजलेली कॅसेट

मित्रांनो, थांबा, इतक्यात माझं झाकण लावू नका! मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि गप्प बसणं मला जन्मापासून जमत नाही. आतली चाकं थांबली की जीव नुसता कासावीस होतो.

सिल्वासाच्या एका कारखान्यात, पत्र्याच्या शेडखाली माझे भाग जुळवले गेले. शेवटचा स्क्रू आवळणाऱ्या धुळ्याकडच्या सुकदेवने माझ्या पाठीवर थाप मारली, "चाल भो, बोल एकदाचा!" आणि मी जो बोलू लागलो तो लागलोच. मला विकत घेतलं रोहिणीबाईंनी. त्या मूळच्या रत्नागिरीच्या, इथल्या शाळेत शिक्षिका. नोकरी सांभाळून त्या एम. ए. करत होत्या, विषय होता वारल्यांचे देव. सन अठ्ठ्याऐंशी. चार मोठे सेल पोटात घालून मी त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडायचो. काय मजा यायची म्हणून सांगू!

खेरडीला झिपरू भगत राहायचा. गावातलं देवाचं सगळं तोच करायचा. दसऱ्यानंतर नवं भात घरात आलं तेव्हा त्याने कणसरीचं, म्हणजे धान्यदेवीचं गाणं म्हटलं. भोपळ्याच्या घांगळीची तार छेडत तो दोन तास गात होता. दोन कॅसेटी भरल्या. मी तर अधाशासारखा ऐकत होतो.

निघताना झिपरू म्हणाला, "बाय, आमच्या घरात ह्या गान्याला येळ हाय. कणसरी नव्या भाताला येते. मधीच तिला हाक मारायची नाय. पुढल्या भाताला लाव."

"हो हो, बाबा," बाई म्हणाल्या. पण खरं सांगू? त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं आपलं काहीतरी. वहीत 'समजुती' या मथळ्याखाली त्यांनी ते लिहून घेतलं आणि विसरून गेल्या.

जानेवारीत शाळेचं संमेलन होतं. हे गाणं केवढं मोठं आहे ते सगळ्यांना कळावं, म्हणून बाईंनी मला माइकसमोर ठेवलं. हेतू वाईट नव्हता हो! बटण दाबलं आणि मी सुरू झालो. ते काय माझ्या हातात होतं? मागे बसलेले गजानन सर मान हलवत म्हणाले, "वा! भगताचा डिस्को!" सगळे खो खो हसले. झिपरूची नात सुमन सहावीत होती. तिने दोन्ही कान दाबून धरले आणि ती उठून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. आठवडा झाला तरी नाही. बाईंचं कशात लक्ष लागेना. शेवटी मला पिशवीत घालून त्या खेरडीला गेल्या. झिपरूने त्यांना बसा म्हटलं नाही.

"तुझी हाक कणसरीनं आयकली असंल, बाय. तिला वाटलं, नवं भात आलं. ती आली असंल. शाळेत तिचं कोन व्हतं? तुमी पावनीला हसलांत."

बाईंचा चेहरा उतरला. "चुकलं, बाबा. मी तुमचं लिहून घेतलं, पण मानलं नाही. या कॅसेटी पुसून टाकू?"

मी हादरलोच! पण झिपरू म्हणाला, "पुसून काय? मारलेली हाक परत घेता येते का?"

"निदान सुमनला तरी शाळेत पाठवा. तिचा काय दोष?"

"बगू," एवढंच तो म्हणाला.

कॅसेटी ट्रंकेत गेल्या. बाईंनी वहीतला 'समजुती' हा मथळा खोडला आणि तिथे लिहिलं, 'झिपरूबाबांच्या घरचा नियम'. जूनमध्ये सुमन सातवीत येऊन बसली, पण बाईंशी एक अक्षर बोलेना. बाई रोज तिच्याकडे बघायच्या. मला तर त्या महिन्यांत गप्प बसून वेड लागायची पाळी आली. आश्विन सरत आला तेव्हा कुठे ती टेबलाजवळ आली आणि खाली बघत म्हणाली, "आजानं बोलवलंय. नवं भात आलंय."

आम्ही भरदुपारी पोचलो. झिपरूने माझ्याकडे बोट दाखवलं. "मशीन भायेर ठेव."

मी अंगणात, गाणं आत! कुडातून सूर झिरपत होते आणि मला त्यातला एकही धरून ठेवता येत नव्हता. मी जाम चिडलो होतो. उघड्या दारातून दिसत होतं, आत बाई मात्र वही न उघडता, हात जोडून ऐकत होत्या.

गाणं संपलं. झिपरूने त्यांना पानावर नवा भात वाढला आणि सहज म्हणाला, "तुमच्याकं गवर येते म्हनं. तिचंबी गानं असंल. म्हन की."

बाईंचा गळा गोड होता. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाही, बाबा. आत्ता नाही म्हणत. गौर भाद्रपदात येते. तेव्हा माझ्या घरी या, मग म्हणते."

मेलो, मला वाटलं, म्हातारा आता पुन्हा रुसणार! पण झिपरू खांदे हलवत हसत सुटला.

"सुमन, ती मशीन आत आन. भायेर कशाला ठेवली?"

मित्रांनो, त्या दोन कॅसेटी अजून माझ्या शेजारीच आहेत. तुमचं बोट बटणावर शिवशिवेल. मलाही वाजायची भारी घाई असते. पण आधी शेतात भात कापून झालंय का ते बघा, आणि सुमनला विचारा. ती आता खेरडीलाच असते.