तुर्रेची बादली

"हाड टाकावं कच्चं, माणसाशी बोलावं सच्चं."

कुत्र्यापुढे हाड टाकताना ऐलीचा बाप दर वेळी हे म्हणायचा. शिजवलेलं हाड दाताखाली काचेसारखं फुटतं, कच्चं नुसतं झिजतं, एवढंच लहानग्या ऐलीला त्यातलं कळलं होतं. उरलेली अर्धी ओळ हल्ली तळ्यात नाव वल्हवताना कानाशी डासासारखी गुणगुणायची.

नावेत पायाशी रिकामी बादली होती. पलीकडच्या काठावर ओइवाचा गोठा. त्याच्याकडे जनावर कापलं की चांगलंचुंगलं मांस गावकरी विकत नेत. हाडं, कलेजी, गुर्दे, वजडी मात्र तो ऐलीच्या कुत्र्यासाठी, तुर्रेसाठी, तळघरातल्या फ्रीझरमध्ये राखून ठेवी. दर शनिवारी ऐली यायची, कॉफी व्हायची आणि भरली बादली घेऊन ती परतायची. वर्षानुवर्षं असंच.

पण तळ्यावरचा बर्फ वितळता वितळता तुर्रे गेला. म्हातारा झाला होता, झोपेतच गेला. ऐलीनं त्याला भूर्जाच्या झाडाखाली पुरलं, डोळे पुसले आणि शनिवारी बादली उचलून निघाली. तिकडे कामावाचून कुणाच्या दारात जायची रीत नव्हती. कुत्रा नाही तर बादली नाही, बादली नाही तर शनिवार नाही. आणि शनिवारच नसला, तर बाकीचे वार तरी कशाला उजाडायचे?

म्हणून उन्हाळाभर तुर्रेचा वाटा तिनंच संपवला. नळीच्या हाडांचं सूप, गुर्द्यांचा रस्सा. झाडावरचे कावळेसुद्धा तिच्या कृपेनं गुबगुबीत झाले होते.

"आलीस?" ओइवा पायरीवरच बसला होता. "तुर्रे काय म्हणतोय?"

"खातोय बापडा."

"दात आहेत अजून?"

"आहेत की, चार-दोन."

"अंग धरलंय का काही?"

"थोडं धरलंय."

ओइवानं तिला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दिसतंय," तो म्हणाला आणि कॉफी ओतायला आत वळला.

"तुझी कॉफी म्हणजे गोठा धुतलेलं पाणी," घोट घेत ऐली म्हणाली.

"मग पितेस कशाला?"

"पुढ्यात ठेवतोस म्हणून. मागची कलेजी मात्र कोवळी होती हं. कांद्यावर परतली, वर लाल बोरांचा मुरंबा घातला, तर अशी लोण्यासारखी..."

ती थांबली. टेबलाखाली ओइवाच्या कुत्रीनं कान टवकारले.

"कांदा," ओइवा म्हणाला.

कुत्र्याला कांदा म्हणजे विष, हे त्या काठावर शेंबडं पोरही सांगेल. ऐली कपात बघत राहिली. ओइवा उठला, बादली घेऊन तळघरात उतरला. संपलं, तिला वाटलं. आता रिकामी बादली हातात देईल, आणि यापुढे इकडे यायला निमित्त उरणार नाही. खिडकीतून पलीकडचं तिचं घर दिसत होतं. केवढंसं दिसत होतं.

जिन्यावर पावलं वाजली. त्यानं बादली तिच्यापुढे ठेवली. वर हाडं नव्हतीच. पांढऱ्या कागदात नीट गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली पुडी होती.

"जीभ आहे," ओइवा म्हणाला. "मीठ घालून मंद आचेवर ठेव. साल गरम आहे तोवर सोलायची, निवली की हट्टाला पेटते. मोहरीची चटणी लावून छान लागते. तुर्रेला चालते ना मोहरी?"

त्याचा चेहरा चर्चच्या भिंतीसारखा कोरा. कान मात्र लालबुंद.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"पाण्यावरून भुंकणं ऐकू येतं, ऐली. नाही आलं तर तेही ऐकू येतं."

कानाशी गुणगुणणारा डास एकदाचा बसला. ऐलीनं कप खाली ठेवला.

"तुर्रे वसंतातच गेला, ओइवा. मी तुझ्यासाठी येते. कॉफीसाठी तर नक्कीच नाही."